उलट्या चारीची कॅसेट

आमच्या ह्यांचा राग अडतीस वर्षांचा झाला. सत्यम, आमचा मुलगा, त्याच सालचा. सत्यमचं लग्न झालं, त्याला दोन लेकरं झाली, कानाजवळचे केस पिकायला लागले. ह्यांचा राग मात्र अजून तरणाताठा. राग कुणावर, तर रामलिंग भाऊजींवर. आणि कशापायी, तर एका चारीपायी, म्हणजे कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या पाटापायी.

सगळं सांगते, घाई करू नका. शहाऐंशी साली हे, म्हणजे शेषेराव, आणि रामलिंग भाऊजी दोघं कालव्याच्या कामावर नवे इंजिनिअर होते. हदगावला एका माळवदाच्या घरात शेजारी-शेजारी खोल्या. दिवसभर दोघं रानात. हे दुर्बिणीला डोळा लावून रानात रोवलेल्या एकेका खुंटीचे आकडे ओरडायचे, भाऊजी वहीत लिहायचे, आणि हिशोब झाले की कुठं किती खणायचं त्याचा नकाशा भाऊजीच काढायचे. त्या सालात कुणी परदेशी साहेब पाहणीला आला होता. दोघांवर खूश झाला आणि जाताना आपला संच देऊन गेला. तळहाताएवढा कॅल्क्युलेटर, त्याला जोडायची एक कॅसेट चालवायची डबी आणि एक चिटुकला छपाईचा डबा. तिन्हीला दोन-दोन वायरी. तेव्हा हदगावात टीव्ही मोजून चार घरी होता, आणि आमच्या चटईवर हे असलं प्रकरण! लोक बघायला यायचे. मी चहा करून करून दमायची.

संध्याकाळी वहीतले आकडे त्या कॅल्क्युलेटरात भरायचे, म्हणजे हिशोब आपोआप होऊन कॅसेटवर बसायचे, आणि त्यावरूनच भाऊजी नकाशा काढायचे. भरणार कोण? ह्यांची बोटं म्हणजे केळी, एक दाबायला जावं तर तीन दाबली जायची. मी लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झालेली. पहिल्या नंबरानं! नोकरी काही लागली न्हाई, लग्न लागलं. तर ते आकडे मी भरायची. सत्यम मांडीवर, वही गुडघ्यावर, आणि माझी बोटं टकाटका. बाहेर मात्र शब्द काढायचा न्हाई, कारण सरकारी काम घरच्या बाईनं केलं हे साहेबाला कळलं असतं तर ह्यांची नोकरी तिथंच संपली असती.

मग त्या चारीत पाणी सोडलं. पाणी आलं, अर्ध्या वाटेत थांबलं, आणि चक्क मागं वळलं. चारीचा पुढचा तुकडा दीड फूट वर खणला गेला होता. गावचा एक म्हातारा काठावर उभा राहून म्हणाला, "साहेब, पाण्याला माहेर आठवलं जणू." सगळं गाव हसलं. ह्यांनी त्या दिवशी जेवण केलं न्हाई.

चौकशी लागली. वही काढा म्हणाले. रामलिंग भाऊजी म्हणाले, वही हरवली. झालं! दोघांनाही मेमो मिळाला. ह्यांची बदली नायगावला, भाऊजींची निलंग्याला. हे म्हणाले, "मी सतरा नंबरच्या खुंटीला एक-तीन-आठ-पाच म्हटलो होतो. आजही झोपेत सांगतो. ह्यानं नकाशात घोळ केला आणि वही गडप केली." भाऊजी खाली मान घालून बसले, एक शब्द बोलले न्हाईत. त्याच दिवशी संचाची वाटणी झाली, दोन भाऊ चूल वेगळी करतात तशी. कॅल्क्युलेटर आणि छपाईचा डबा आमच्याकडं, डबी आणि कॅसेट त्यांच्याकडं. आता कॅल्क्युलेटरशिवाय कॅसेट मुकी आणि कॅसेटशिवाय कॅल्क्युलेटर बिनकामाचा, हे दोन्ही इंजिनिअरांच्या डोक्यात आलं न्हाई.

तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, "कॅसेट बोलेल एक दिवस." नायगावला हे लई उदास असायचे. मग ह्यांना हसवायला मी एक गोष्ट रचली, रामलिंगाची उलटी चारी. त्यात भाऊजी नकाशा उलटा धरतात, पाण्याला हात जोडतात, पाणी त्यांना ओळख देत न्हाई, असं काय काय. ह्यांना हसू यायचं. मग पाहुण्यांना सांगितली, मग बारशात, डोहाळजेवणात, लग्नाघरी. दर वर्षी गोष्टीला नवीन पानं फुटायची. आमच्या नात्यात कुणी काही उलटं केलं की लेकरं ओरडतात, "रामलिंग केलं, रामलिंग केलं!" मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

ह्या साली संक्रांतीनंतर फोन वाजला. मी उचलला.

"वैनी, रामलिंग बोलून राहिलो, लातूरहून."

माझ्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

"मी आता पोरीकडं हैदराबादला चाललो कायमचा. घर रिकामं करून राहिलो. ती कॅसेटची डबी हाय. भंगारात घालायच्या आधी विचारावं म्हटलं."

मी ह्यांना सांगितलं. हे ताडकन उभे राहिले, मग परत बसले आणि पेपर तोंडासमोर धरून म्हणाले, "पाठवून दे म्हणावं." मी तसं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "डबी हलवली तर मोडेल. त्यानं यावं." हे म्हणाले, "मी त्याच्या दारात जाणार न्हाई." असं दोन दिवस चाललं. दोघांच्याही हातात मोबाईल, आणि निरोप माझ्या तोंडून! तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "अडतीस वर्षं कान किटवले माझे. आता कॅसेट बोलायला तयार हाय तर तुमचे पाय दुखून राहिले? चला गुमान."

हे हळू आवाजात म्हणाले, "सिंधु, मला फक्त एवढं कागदावर बघायचंय की मी चुकलो नव्हतो. मग मेलो तरी चालेल." ह्यावर मी काही थट्टा केली न्हाई.

आधी आमच्याकडचं सामान जिवंत करायचं होतं. इथं नांदेडला इतवाऱ्यात चांदपाशांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय. चांदपाशा आता घरीच असतात, दुकान त्यांची लेक कहकशां चालवते. पोरगी हुशार, आणि तोंडाची तर त्याहून हुशार. तिनं कॅल्क्युलेटर उघडला, आतला सेलचा हिरवा गंज खरवडला, नवे सेल बसवले आणि ह्यांना म्हणाली, "काका, ह्याची उमर माझ्याहून जास्ती हाय. ह्याला अहो-जाहो करू का?"

तिनं ह्यांना वायरींचं गणितही समजावलं. म्हणजे हे तिला समजावायला गेले आणि तिनं ह्यांना समजावलं. कॅल्क्युलेटर निरोप पाठवतो. तो आधी डबीकडं, डबीकडून छपाईच्या डब्याकडं, तिथून फिरून पुन्हा कॅल्क्युलेटरकडं. ज्याला ज्याचं काम असेल त्यानं ते करायचं, पण निरोप पुढं सगळ्यांनी द्यायचा. जसा पाठवला तसाच परत आला तर ठीक, न्हाई तर कॅल्क्युलेटर रुसून बसतो.

"म्हणजे आमच्या गल्लीत हे चालायचं न्हाई," मी म्हटलं. "आमच्याकडं सिंधुला सर्दी झाली असा निरोप निघतो, आणि फिरून येईपर्यंत सिंधुला दवाखान्यात भरती केलेलं असतं."

कहकशां हसली. "काकू, मी पण चलते लातूरला. माझी फुफी, अब्बांची बहीण, हाय तिथं. आणि तुम्हा तिघांवर ही मशीन सोडायची म्हणजे नक्को रे बाबा!"

बुधवारी सकाळच्या बसनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, हे मांडीवर पिशवी धरून बसलेले, कुणाचा धक्का लागला की वटारून बघायचे. लातूरला भाऊजींच्या दारात उभं राहिलो तेव्हा मला वाटलं आता गळाभेट तरी होईल. कशाचं काय! भाऊजी म्हणाले, "आलात." हे म्हणाले, "आलो." झालं संभाषण. भाऊजी लई वाळले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, ते आम्हाला कळवलंही नव्हतं. सगळं घर खोक्यांत बांधलेलं. एक सतरंजी तेवढी उघडी होती, तिच्यावर बसलो.

डबी उघडली तर कॅसेट ओढणारा रबराचा रूळ वितळून गुळाच्या पाकासारखा झालेला. ह्यांचा चेहरा पडला. कहकशांनं पर्समधून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब काढली, कात्रीनं एवढासा तुकडा कापला आणि त्या दांडीवर चढवला. बसला की बरोबर! मग तिन्ही वस्तू गोल मांडल्या, वायरी जोडल्या, ह्यांनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर तक्रार आली. निरोप परत आला न्हाई.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग जे सुरू झालं ते काय सांगू! हे म्हणाले, "ह्याची डबीच खराब, आधीपासून काही पुढं पाठवायची सवय न्हाई." भाऊजी म्हणाले, "माझी डबी ठीक हाय, तुझा कॅल्क्युलेटर हट्टी." दीड तास दोघं सतरंजीवर रांगून एकमेकांच्या वायरी तपासत होते. चष्मे सारखे घसरून राहिले होते. पण एक सांगते, त्या दीड तासात दोघं जेवढं बोलले तेवढं अडतीस वर्षांत बोलले नव्हते. एकदा तर भाऊजींनी सवयीनं हात पुढं केला आणि ह्यांनी न मागता त्यात स्क्रू काढायचा पेचकस दिला. दोघांच्याही लक्षात आलं न्हाई. मी आणि कहकशांनं एकमेकींकडं बघितलं.

शेवटी कहकशांनं छपाईचा डबा हातात घेतला आणि म्हणाली, "काका, हा बंद हाय."

"हाव, मीच केला बंद," हे म्हणाले. "कागदाची एकच गुंडाळी उरली हाय. आधी सगळं नीट चालू दे, छापायच्या वेळी चालू करू. उगीच वाया कशाला घालवायचा?"

"या अल्ला! काका, मी नांदेडला काय शिकवलं तुम्हाला? त्याला काम असो नसो, जागं सगळ्यांनी राहायला पाहिजे. एक झोपला की निरोप तिथंच मेला!"

रामलिंग भाऊजी हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खो-खो. "चाळीस वर्षं झाली, कंजूषपणा गेला न्हाई तुझा." हे ओशाळले, मग त्यांनाही हसू फुटलं. मला वाटलं, आता कॅसेट न्हाई बोलली तरी चालेल. तेव्हाच उठून निघालो असतो तर बरं झालं असतं, असं नंतर घटकाभर वाटलं. पण ते खोटं हाय.

डबा चालू केला. डबी गुरगुरली. कॅसेट फिरायला लागली, आणि छपाईच्या डब्यातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली, निळे निळे बारके आकडे. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, भाऊजींचा चष्मा जुना. दोघंही म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी वाचायला लागले. खुंटी एक, खुंटी दोन. प्रत्येक आकड्याला हे मान हलवायचे, जसं काही काल मोजलेलं. मी पट्टी हातानं सरकवत होते. चौदा, पंधरा, सोळा.

सतरा. एक-आठ-तीन-पाच.

मी थांबले. पट्टी उजेडात धरली. एक-आठ-तीन-पाच. तीन आणि आठ, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी.

"वाच की," हे म्हणाले.

दोघांनाही दिसत नव्हतं. कहकशां डबीपाशी वाकलेली. मी एक-तीन-आठ-पाच म्हटलं असतं तर ह्यांचं आयुष्य सोन्याचं झालं असतं आणि रामलिंग भाऊजी खोटे ठरले असते, जसे आजवर होते तसेच. ते माझ्या मनात आलं. न्हाई म्हणत न्हाई, आलं.

"एक-आठ-तीन-पाच," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. "म्हणजे मीच चुकीचं ओरडलो," हे म्हणाले. "रामलिंगा, मीच चुकलो रे. अडतीस वर्षं मी तुला..."

भाऊजी उठले. कोपऱ्यातलं एक खोकं सोडलं आणि तळातून एक वही काढली. तांबड्या पुठ्ठ्याची. हरवलेली वही! त्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. खुंटी सतरा. त्यांचं टपोरं अक्षर. एक-तीन-आठ-पाच.

ह्यांनी बरोबर सांगितलं होतं. भाऊजींनी बरोबर लिहिलं होतं. मग मध्ये राहिलं कोण? सत्यमला मांडीवर घेऊन टकाटका बोटं चालवणारी, पहिल्या नंबरानं पास झालेली. मी.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात कळलं, वैनी. वही दाखवली असती तर साहेबानं विचारलं असतं, आकडे भरले कुणी? ह्याची नोकरी गेली असती. सत्यम तीन महिन्यांचा."

हे म्हणाले, "मला तरी सांगायचं होतं ना!"

"तुला? तुझा तेव्हाचा राग आठवतो का? तू वैनीला बोलून बोलून जीव घेतला असता."

आणि ते खरं होतं.

आणि मला, तुम्हाला वाटेल रडू आलं असेल. मला राग आला! अशी तळपायाची आग मस्तकाला गेली की मी त्यांच्यावरच ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझी चूक होती ना? मला न विचारता तुम्ही घेऊन बसलात! बरं, तेव्हा नोकरीचा प्रश्न होता. हे रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली. नंतर का सांगितलं न्हाई? मी इकडं गावभर तुमच्या नावानं..." आणि तिथं माझी जीभ अडकली.

भाऊजी वही मिटत होते. खाली बघूनच म्हणाले, "सांगायला आलो होतो, वैनी. हा रिटायर झाला त्याच्या पुढच्या साली, सत्यमच्या लग्नात. पत्रिका नव्हती, पण आलो. मांडवात मागं उभा होतो. तुम्ही व्याह्यांना चारीची गोष्ट सांगून राहिल्या होत्या. नकाशा उलटा धरल्याची. लोक लई हसत होते. तुमच्या शेजारी हा पण हसत होता. त्याला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघितलं. म्हटलं, राहू दे."

कॅसेट केव्हाच थांबली होती. मला सगळं आठवलं. ती साडी, ते व्याही, मी हात कसे जोडून दाखवले ते, आणि लोकांनी पुन्हा सांगा म्हटल्यावर मी पुन्हा कशी सांगितली ते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. लाज वाटली. लई लाज वाटली.

ह्यांनी विचारलं, "जेवला होतास का रे मांडवात?"

"न्हाई."

"तसाच गेलास?"

"शेवटची बस होती."

हे सतरंजीवरून सरकले आणि भाऊजींच्या शेजारी जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून. ह्यांच्या गुडघ्याजवळ ती तांबड्या पुठ्ठ्याची वही होती, आपण चुकलो नव्हतो हे सांगणारी, आणि ती त्यांनी बघितलीही न्हाई.

मी पदरानं तोंड पुसलं आणि उठले. "भाऊजी, स्वयंपाकाचं सामान कोणत्या खोक्यात हाय?"

"अहो वैनी, सगळं बांधून झालंय. डबा सांगितलाय मी चौघांचा."

"डबा कहकशांच्या फुफीला द्या," मी म्हटलं आणि पहिल्या खोक्याची सुतळी दातानं तोडली.

त्यात देवाचं सामान निघालं. दुसऱ्यात पुस्तकं. तिसऱ्यात तवा सापडला.